चार फुटांवरचं पाणी

टेंभाळी गावात कबर खणायचं काम बाईमाणसाने कधी केलं नव्हतं. मॅग्डलीन रुमावच्या हातात ते आलं दोन हजार एकवीसच्या एप्रिलात, आणि पहिलीच कबर खणायची वेळ आली ती नवऱ्याची.

अर्नाळ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे शंभर-सव्वाशे घरांचं गाव. निम्मी घरं मच्छीमारांची, बाकीची वाडीवाल्यांची. मधोमध सांत पेद्रूचं चर्च. लहानसंच, कौलारू, दगड आणि शिंपल्यांच्या चुन्यात बांधलेलं, भिंती दोन हात जाड. किती जुनं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. दारावरच्या दगडात साल कोरलेलं आहे, पण त्यातले शेवटचे दोन आकडे खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ले. चर्चच्या मागे दफनभूमी, तिला दगडी गडगा, आणि गडग्यापलीकडे पूर्वी मिठागर होतं.

मॅग्डलीनचा नवरा ऑगस्टीन एकतीस वर्षं कबरी खणत होता. ती पहाटे अर्नाळ्याहून मासळी आणून आसपासच्या गावांत विकायची, दुपारी चर्च झाडायची, आणि गावात कुणी गेलं की ऑगस्टीनने वर फेकलेली माती घमेल्याने बाजूला टाकायची. त्यामुळे तिथली जमीन तिला पोटातून ठाऊक होती. वर दोन फूट पांढरी रेती, मग शिंपल्यांचा थर, मग काळी चिकण माती, आणि उन्हाळ्यात बरोबर सात फुटांवर पाणी. कबर सहा फुटांची. पेटी आणि पाणी यांच्यात एक फुटाचं अंतर राहायचं. जुन्या माणसांनी ते अंतर पाहूनच ही जागा निवडली असणार, असं ऑगस्टीन म्हणायचा.

शेवटच्या तीन-चार वर्षांत मात्र तो हे म्हणेनासा झाला होता. एकदा जेवताना त्याने ताटावरून मान वर न करता सांगितलं, पानी वर येतंय. तिने विचारलं, कशाने? त्याला ठाऊक नव्हतं. गडग्यापलीकडच्या मिठागरात तेव्हा दोन वर्षं ट्रक भराव टाकत होते. मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींच्या विटा, लाद्या, तुटकी कमोडं. त्याचा आणि कबरीतल्या पाण्याचा संबंध असेल असं तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑगस्टीनने वीस दिवसांत नऊ कबरी खणल्या. नववीनंतर त्याला ताप भरला. सहाव्या दिवशी इस्पितळातून गाडी आली ती त्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेऊनच. गाडीवाल्या दोघांनी सांगितलं की तासाभरात दफन उरका, आम्हाला अजून तीन ठिकाणी जायचंय. गावातले पुरुष आपापल्या ओट्यांवर उभे होते. कुणी वाईट नव्हतं, पण पाय कुणाचा पुढे येईना. मॅग्डलीनने कमरेला पदर खोचला आणि कुदळ उचलली. मुलगी सँड्रा घमेलं घेऊन मागे उभी राहिली. साडेपाच फुटांवर पाणी लागलं. वरून ऊन आग ओकत होतं आणि खाली तिचे घोटे थंडगार पाण्यात होते. पिशवी खाली सोडली तेव्हा ती पाण्यावर हलकीच हलली. सँड्राला ते दिसू नये म्हणून मॅग्डलीनने पहिली माती घाईघाईने लोटली.

पुढच्या महिन्यात गावातला पेद्रू तुस्कानो गेला. कबर कोण खणणार असं फादर एरॉल चर्चच्या परिषदेच्या लोकांना विचारत होते, आणि मॅग्डलीन तोवर कुदळ घेऊन दफनभूमीत शिरलीसुद्धा होती. फादर एरॉल तरुण होते, वर्षभरापूर्वीच या चर्चवर आलेले. त्यांनी तिला थांबवलं नाही. चार दिवस गावात कुजबुज झाली, पाचव्या दिवशी सगळ्यांना सवय झाली.

तिने एक गोष्ट मात्र ऑगस्टीनपेक्षा वेगळी केली. प्रत्येक कबरीत पाणी कुठे लागलं ते ती फावड्याच्या दांड्यावर कोयत्याने खूण करून ठेवायची. दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात खूण आली पाच फुटांवर. चोवीसच्या उन्हाळ्यात साडेचारवर. पावसाळ्यातल्या खुणा ती करतच नसे, कारण पावसाळ्यात आता गुडघाभर खणलं तरी खड्डा पाझरायचा. पाणी चाखून पाहिलं तर मचूळही नाही, चांगलं खारट.

आणि हे फक्त मागच्या दफनभूमीत नव्हतं. चर्च झाडताना तिला दिसायचं, की वेदीच्या डाव्या बाजूची भिंत खालून ओली होतेय. चुना फुगून पापुद्रे निघायचे, त्यांच्या खाली मिठाची पांढरी बुरशी. ती झाडूने खरवडून काढायची, आठवड्यात पुन्हा यायची. तेही प्रत्येक वेळी बोटभर वर. बाकांचे पाय खालून मऊ पडले होते. एकदा रविवारची प्रार्थना, मिस्सा, चालू असताना मागच्या रांगेतला एक बाक बसल्या माणसांसकट खाली बसला. लहान मुलं हसली. मॅग्डलीन हसली नाही.

तिने फादरना दांडा दाखवला. फादरनी तो परिषदेपुढे ठेवला. परिषदेचे प्रमुख होते रॉबर्ट मच्याडो, पंचावन्न वर्षांचे, बर्फाच्या कारखान्याचे मालक, गावात वजन असलेला माणूस. मिठागर त्यांच्याच चुलतभावांचं होतं. ते भाऊ परदेशात स्थायिक झाले आणि जागा बिल्डरकडे गेली. तेव्हा रॉबर्टनीच गावाला समजावलं होतं की भराव झाला की चांगला रस्ता येईल, दवाखाना येईल. रस्ता आला होता. त्या रस्त्यापलीकडे सात-सात मजल्यांच्या चार इमारतीही आल्या होत्या. रॉबर्टनी दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले की समुद्र जवळ आहे, भरती-ओहोटीने खालीवर होणारच. त्यावर चर्चा संपली.

दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत रॉबर्टची आई, मारीबाय, ब्याण्णवाव्या वर्षी गेली. मरताना तिचं एकच मागणं होतं. मला त्यांच्याच कबरीत ठेवा. त्यांच्या म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, जुवांव मच्याडोंच्या. त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. गावचा नियमच तसा. घराण्याची कबर सहा वर्षांनी उघडता येते. तोवर आत फक्त हाडं उरतात, ती पांढऱ्या कापडात बांधून पायथ्याशी ठेवायची आणि नवी पेटी वर.

सकाळी आठला मॅग्डलीनने खणायला घेतलं. रॉबर्ट काळा सूट घालून शेजारी उभे होते. आपल्या बापाची हाडं आपल्या हातांनी कापडात घ्यायची म्हणून आले होते. चार फुटांवर पाणी सुटलं. ती बादलीने उपसत उपसत खाली गेली, आणि कुदळ लाकडावर वाजली.

सात वर्षांनी तिथे लाकूड वाजायला नको होतं. तिने हातांनी चिखल बाजूला केला. पेटीचं झाकण अखंड होतं, नुसतं काळं पडलेलं. पहार लावताच ते एका बाजूने वर आलं, आणि मॅग्डलीन तशीच थांबली.

आत जुवांव मच्याडो होते. हाडं नव्हे, जुवांव मच्याडो. चेहरा पिवळट पांढरा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. मिशी जागच्या जागी. करड्या रंगाचा सूट, छातीवर रोझरीची माळ, आणि तिच्याखाली जोडलेले हात. वास फारसा नव्हता. शेवाळलेल्या टाकीला येतो तेवढाच.

तिने झाकण खाली टेकवलं आणि वर पाहिलं. रॉबर्टना कडेवरून काही दिसलेलं नसावं.

"रॉबर्टभाऊ," ती म्हणाली, "ही कबर आज नाय उघडायची."

"का? काय झालं?"

"तुमचे पप्पा हायेत तसेच हायेत."

रॉबर्टना पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, तेव्हा ते सुटासकट गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, दाखव. तिने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा तिने झाकण उचललं. रॉबर्ट किती वेळ पाहत होते ते तिने मोजलं नाही. एवढंच तिच्या लक्षात राहिलं, की बारकं पोर झोपलेल्या बापाला हाक मारावी की नाही या विचारात असतं, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मग ते उठले, गुडघे न झटकताच गडग्यापाशी गेले आणि पलीकडच्या इमारतींकडे पाठ करून उभे राहिले.

तिने कबर बुजवली. मारीबायसाठी दुसरी जागा शोधायला हवी होती आणि मिस्सा चारला होती. चर्चच्या भिंतीलगत जरा उंचवटा होता, तिथे तिने खणलं. दुपारी एकला खड्डा पाच फूट झाला, त्यात फूटभर पाणी. तिने उपसलं. तीनला बघते तर दोन फूट. पुन्हा उपसलं. भरतीची वेळ होती, आणि बादलीला ते काही ऐकणार नव्हतं.

साडेचारला पेटी आली. सगळं गाव होतं, नालासोपारा-विरारहून पाहुणे होते. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, दोऱ्या सैल सोडल्या, पेटी खाली गेली, आणि टेकलीच नाही. ती तरंगली. एका बाजूला कलून तिने खड्ड्याच्या भिंतीला टोला दिला, परत सरळ झाली, दुसऱ्या बाजूला टोला दिला. ठक, ठक, असा आवाज. प्रार्थना म्हणणारे एकेक करून गप्प झाले. शेवटी फादरचा एकट्याचा आवाज राहिला, आणि तोही अडखळला.

मॅग्डलीनने बांबू मागवले. चौघांनी चार कोपऱ्यांवर बांबू रोवून पेटी दाबून धरली आणि तिने गडग्याचे सुटे दगड तिच्यावर टाकायला सुरुवात केली. चारांतला एक बांबू रॉबर्टच्या हातात होता. आपल्या आईला पाण्याखाली दाबून धरायचं होतं त्यांना. ते दाबत होते आणि हुंदका न काढता रडत होते.

त्या दिवसानंतर गावाचा आवाजच बसला. संध्याकाळी ओट्यांवर बसणारी माणसं घरात बसू लागली. ज्यांची माणसं गेल्या सात-आठ वर्षांत गेली होती ते मॅग्डलीनला रस्त्यात गाठायचे, आधी मासळीचं विचारायचे आणि मग आवाज उतरवून, आमचा कसा असेल गं? ती म्हणायची, मला काय म्हायत, मी थोडीच बघितलंय. खरं तर तिला ठाऊक होतं, पाण्याखाली राहिलेला देह मातीत मिसळत नाही. घरी आली की ती ऑगस्टीनच्या फोटोकडे बघायचं टाळायची. पिशवीत बांधलेला, साडेपाच फुटांवर. वर्षागणिक त्याच्यावर पाणी चढत गेलेलं.

मार्चमध्ये रॉबर्ट स्वतः चर्चमध्ये मिस्सेनंतर उभे राहिले. त्यांनी सांगितलं की मिठागराच्या कोपऱ्यात एक उघाडी होती, भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी दगडी मोरी. गावाखालचं सगळं पाणी तिथून खाडीत उतरायचं. भरावात ती गाडली गेली. मला ठाऊक होतं, ते म्हणाले. ट्रक येत होते तेव्हाच ठाऊक होतं, मला वाटलं दुसरीकडून वाट काढतील. एवढं बोलून ते खाली बसले. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.

उघाडी शोधून मोकळी करायची असं ठरलं. पुढच्या रविवारी चाळीस माणसं फावडी घेऊन रस्ता ओलांडून गेली. मॅग्डलीन सगळ्यांत पुढे, कारण लहानपणी उघाडीपाशीच खेकडे धरल्यामुळे नेमकी जागा तिला ठाऊक होती. इमारतींच्या फाटकावर वॉचमनने अडवलं, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. संकेत नावाचे तिशी-पस्तिशीचे गृहस्थ. कर्ज काढून इथे घर घेतलेल्या आणि अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या माणसांतले एक. भांडण होणार असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काकी, तुम्ही जरा आमच्या पार्किंगमध्ये या."

पार्किंग जमिनीखाली होतं. उतार उतरतानाच तिला तो गारवा ओळखू आला. पंप घरघरत होता. संकेतनी सांगितलं की तो दोन वर्षं बंद झालेला नाही, वीज गेली की तासाभरात गाड्यांची चाकं बुडतात. मॅग्डलीनने उतरण्याआधी पाहून ठेवलेल्या चिंचेवरून आणि चर्चच्या क्रुसावरून मनातल्या मनात रेघा ओढल्या, मग मोजत मोजत चालत गेली आणि एका खांबापाशी थांबली. खांब एका माणसाच्या कवेत मावणार नाही एवढा जाड होता. त्याच्या बुंध्याशी काँक्रीटची ढलपी निघाली होती, आतली सळई लाल होऊन फुगली होती.

"हितंच होती उघाडी," ती म्हणाली. "ह्याच्याच खाली."

संकेतनी खांबाला हात लावला आणि हात लगेच मागे घेतला. वर सात मजले होते. रविवारची सकाळ, कुठल्या तरी घरातून लहान मुलांच्या धावण्याचा धप धप आवाज येत होता. त्यांनी हळूच विचारलं, आता काय करायचं? चाळीस माणसांनी फावडी खांद्यावर टाकली. सगळे तसेच परत आले.

पुढे अर्ज झाले. गावाचे वेगळे, सोसायटीचे वेगळे, मग दोघांचे मिळून. पाहणी करायला माणसं आली, मातीचे नमुने बाटल्यांत भरून घेऊन गेली. मे महिन्यात फादरनी वाचून दाखवलं की टेंभाळीच्या दफनभूमीत यापुढे दफन होणार नाही, पलीकडच्या धर्मग्रामाने, म्हणजे शेजारच्या चर्चने, जागा देऊ केली आहे. मॅग्डलीनचं काम त्या दिवशी संपलं. फादर तिच्या घरी आले, चहा प्यायले, आणि चर्च झाडायचं काम तरी सोडू नका असं म्हणाले. तिने होकारार्थी मान हलवली.

जुलैत सलग सहा दिवस पाऊस पडला. सातव्या दिवशी सकाळी ती गडग्याशी गेली, तर पाण्यातून क्रूस वर आलेले दिसत होते. तिची नजर क्रुसांवर नव्हती. मधल्या रांगेत तीन ठिकाणी जमीन फुगून पाण्याबाहेर आली होती, भाकरी फुगते तशी. खालून पेट्या वर रेटत होत्या. तिने रॉबर्टना बोलावणं धाडलं. दोघांनीच गुडघाभर पाण्यात उतरून गडग्याचे दगड त्या उंचवट्यांवर रचले.  तिसऱ्या उंचवट्यावरच्या क्रुसावर नाव वाचायला ती वाकली नाही. तो ऑगस्टीनचा नव्हता, तेवढं जागेवरून कळत होतं. तेवढ्यावर तिने भागवलं.

ऑगस्टमध्ये वेदीमागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. फादरनी मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये हलवली. सांत पेद्रूचा पुतळा चौघांनी उचलून नेला, तेव्हा म्हातारी माणसं रस्त्याच्या कडेला हात जोडून उभी होती. सणाच्या मिरवणुकीला असतात तशीच, फक्त बँड नव्हता.

सँड्रा माणिकपूरला राहते, तिथल्याच एका दुकानात कामाला आहे. ती दर रविवारी येते आणि आईला न्यायचा हट्ट धरते. नोव्हेंबरात, सर्व मृतांच्या दिवशी, माणसांनी गडग्याच्या बाहेरूनच मेणबत्त्या लावल्या, कारण आत पाय ठेवला की जमीन थरथरायची. मेणबत्ती लावून झाल्यावर सँड्राने पुन्हा विषय काढला. मॅग्डलीनने सांगितलं की चर्च उभं आहे तोवर कुणीतरी झाडायला हवं. मग म्हणाली, "पन मी गेले ना, की मला हितं नको ठेवू. त्यांनी परवानगी दिली तरी नको."

सँड्राला धक्का बसला. आई इतकी वर्षं या जागेसाठी झिजली, ती पप्पांच्या शेजारीच जागा मागेल असं तिने धरून ठेवलं होतं. तिने विचारलं, मग पप्पा एकटेच?

मॅग्डलीनने वाऱ्याने कललेली मेणबत्ती सरळ केली.

"मानसाने मातीत जायचं असतं गं," ती म्हणाली. "हितं कोनी जात नाय. हितं सगली वाट बघत पडलीत."

 दोघी घरी आल्या आणि जेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅग्डलीन झाडू घेऊन चर्चमध्ये गेली. दरवाजा नेहमीपेक्षा जड लागला, खांदा लावून ढकलावा लागला. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, भरतीही नव्हती. तरी वेदीपासून तिसऱ्या बाकापर्यंत बोटभर पाणी पसरलेलं होतं, स्वच्छ, अजिबात न हलणारं. तिने झाडू दाराशी टेकवला, साडी वर खोचली आणि बादली आणायला विहिरीकडे वळली.